बिननावाची गारी

“त्या कानात बाळी घातलेल्या बुढ्याचं नाव काय व?” मंगलीनं मला कोपरानं ढोसत विचारलं.

“नवरदेवाचा मोठा मामा होय. बिसराम.”

“गाव?”

“आमगावकडचं.”

“अना खोड कोनती त्याची?”

“मले का माहीत?”

“मंग विचार ना जाऊन! उभी काऊन राहिली?”

मी पदर सावरत वऱ्हाडातल्या बायकांत घुसले आणि बातमी काढून धावत परत आले. बिसराममामा बाजारातून येताना बैलगाडीत झोपला होता. गाडीतून तो खाली पडला तरी त्याला जाग आली नाही, आणि बैल रिकामी गाडी घेऊन शहाण्यासारखे घरी पोचले. मंगलीनं मान हलवली, एकदा खाकरली आणि मांडवाच्या खांबाला पाठ टेकली.

पंगत बसलेली होती. पत्रावळींवर भात वाफाळत होता, वरण वाढून झालं होतं, आणि एकाही माणसाचा हात भाताकडे जात नव्हता. आमच्या मुर्रीत आणि आसपासच्या सगळ्या गावांत तशी रीतच होती. मुलीकडच्या बायकांनी गारी सुरू केल्याशिवाय वरपक्षानं घास उचलायचा नाही. गारी म्हणजे व्याह्यांना चिडवायचं गाणं, पण ते मोघम चालत नसे. एकेकाचं नाव घेऊन, त्याची खोड काढून म्हणावं लागे. ज्याचं नाव येई तो मिशीवर हात फिरवी. ज्याचं राहून जाई तो घरी जाऊन बायकोवर चिडे.

बैल आले घराले, गाडी आली घराले,
बिसराममामा कोठं गेले, इचारा त्या वाटेले!

मांडवात हशा पिकला. बिसराममामा सर्वांत मोठ्यानं हसला आणि त्यानं पहिला घास घेतला. मग मंगली बालाघाटकडून आलेल्या पाहुण्यांकडे वळली आणि त्यांच्या पोवारी बोलीत गाऊ लागली. कडेला राईस मिलमधले छत्तीसगढी हमाल होते, त्यांच्या मुकादमाला ‘मेछा म चटनी लगे हे’ म्हणत तिनं त्याला मिशी पुसायला लावली. एकच चाल, एकच दम, आणि भाषा मात्र समोरच्या माणसाची. शेवटची ओळ नेहमी गोंडीत असे. ती कोणालाच कळत नसे. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाली, “पोटभर जेवा अना रागावू नोका, असं हाय ते. माझी माय म्हने.”

मी तिची झील धरायची. म्हणजे तिनं ओळ टाकली की मागून ती उचलायची. मी बकाराम पाटलाची सून, ती आमच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, रोवण्याला येणारी मजूर. पण रोवण्याच्या दिवसांत मामंजी तिच्या हाती रोपांची जुडी देतच नसत. ती धुऱ्यावर, शेताच्या कडेच्या बांधावर, उभी राहून गायची आणि चिखलातल्या वीस बायका तिच्या गाण्याच्या ठेक्यावर एका सरळ ओळीत मागे सरकायच्या. मामंजी म्हणायचे, “ही गाते तं दोन दिवसाचा रोवणा दीड दिवसात होते.” त्यांच्या लेखी तिच्या गळ्याची किंमत अर्ध्या दिवसाची होती.

मंगली मूळची सालेकशाकडच्या जंगलातली. कचारगडच्या जत्रेत तिची आई गायची, म्हणून गोंडी तिला आईकडून आली. आजोळ छत्तीसगढात. आठव्या वर्षी ती बापाबरोबर इकडं कामाला आली आणि मालकाच्या अंगणात पोवारी शिकली, आमच्या बोलीत वाढली. हिंदी तिला उत्तम येई, पण ती तिनं गोंदियाच्या बाजारापुरती ठेवली होती. भाजीचा भाव करायला आणि मुकादमाशी भांडायला. हिंदीत ती कधी गायली नाही.

ही १९५२ सालची गोष्ट सांगते आहे. तेव्हा तिचं वय तिशीचं असेल, माझं एकोणीस. दहा गावांत लग्न म्हटलं की आधी मंगलीला सांगावा जाई. पण लग्नाच्या मांडवाबाहेर तिला कोणी विचारीना, आणि ते तिच्या मनात सलत होतं. अर्जुनी मोरगावच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, आम्ही दोघी हौसेनं गेलो, तर दंडारीचा खेळ करणाऱ्यांनी बाईमाणसाला मंचावर चढू देत नाही म्हणून सांगितलं. तिथं लुगडं नेसून बाईचं सोंग घेतलेला एक दाढीवाला बाप्या नाचत होता. मंगली त्याच्याकडे बघत म्हणाली, “ह्याले दाढी हाय म्हनून चालते, मले नाई म्हनून चालत नाई.” गोंदियाच्या एका हिंदी मंडळींच्या कार्यक्रमात तिला दोन ओळींवर थांबवलं. ‘ये तो देहाती है’ म्हणाले. आणि आमच्या शाळेचे टेकचंद गुरुजी भले माणूस, त्यांनी संमेलनात तिला बोलवायचं ठरवलं, तर घोडं भलत्याच जागी अडलं.

“बाई, कोणत्या भाषेत गाणार ते आधी सांगा. पत्रिकेत छापावं लागतं.”

“समोर कोन बसन ते पायल्याबिगर कसं सांगू, गुर्जी?”

“असं कसं चालेल? मराठी लिहू?”

“लिव्हा. पन कोनी छत्तीसगढी मानूस आला तं मी त्याले उपाशी ठेवू का?”

गुरुजींनी तिचं नाव खोडलं आणि गावातल्या मंदाबाईचं भजन घातलं. परत येताना मंगली माझ्यापुढं भरभर चालत राहिली. घर जवळ आल्यावर म्हणाली, “वच्छलाबाई, मले एक रेकॉड कराची हाय.”

मला हसू आलं. “कायले?”

“माझी माय कशी गाये, तुले आयकवून दाखव म्हटलं तं मी काय दाखवू? मेली तं सप्पा घेऊन गेली. रेकॉडवाल्या बाईले कोनी मधात थांबवत नाई. चाबी देल्ली का सारे गुमान आयकतेत. मले माझं नाव त्याच्यावर पायजे. एकच. दुसरं काई नोको.”

मी हसले याची मला आजही लाज वाटते.

तिचा हट्ट खरा व्हायची वेळ १९५५ च्या थंडीत आली. गोंदियात मुन्नालाल म्हणून सायकलींचा आणि चाबीच्या बाजांचा, म्हणजे ग्रामोफोनचा, दुकानदार होता. कलकत्त्याच्या एका कंपनीला या भागातली लग्नाची गाणी हवी होती आणि माणसं हेरायचं काम त्याच्याकडे होतं. कंपनीचा बाबू आला तेव्हा मुन्नालालनं मंगलीला दुकानावरच्या माडीत बोलावलं. मी झीलकरीण म्हणून बरोबर गेले. खिडक्यांवर तांदळाची रिकामी पोती टांगलेली होती, मध्ये टेबलावर यंत्र, आणि खुर्चीवर चष्मा लावलेला बारीक बाबू.

मंगलीनं खोलीभर नजर फिरवली. “मानसं कोठी हायेत?”

“कैसे आदमी?” बाबूनं विचारलं.

“जेवनारे.”

मुन्नालालनं तिला समजावलं की इथं कोणी जेवणार नाही, नुसतं गायचं. ती गडबडून गेली. शेवटी तिनं मुन्नालाललाच समोर बसवलं आणि त्याच्यावर गारी टाकली. त्याचं पोट, त्याची चाक नसलेली सायकल, त्याचा साळा जो आठ दिवसांसाठी आला आणि आठ वर्षं राहिला. मुन्नालाल हसून हसून खोकू लागला. बाबूसुद्धा हसला. मग त्यानं वही काढली.

“बहुत अच्छा. आवाज बहुत अच्छा. लेकिन ये मुन्नालाल कौन है? कलकत्ते में, बम्बई में मुन्नालाल को कौन जानता है? नाम निकालना पड़ेगा. ‘समधीजी’ बोलो, बस. और भाषा एक रखो. हिंदी रखो, सब जगह बिकेगा. आखिरी लाइन तो किसी को समझ नहीं आती, वो छोड़ दो.”

“अना नाव नाई घेतलं तं गारी कोनाले लागन?” मंगलीनं मला विचारलं. बाबूला नाही.

बाबूनं आणखी एकदा गायला सांगितलं, तेच आणि तसंच. तिनं गायलं, पण ते तसं नव्हतं. साळ्याच्या जागी मुन्नालालची सासू आली होती. तिसऱ्यांदा तिसरंच आलं. तेच गाणं दुसऱ्यांदा म्हणायची वेळ तिच्यावर जन्मात आली नव्हती. बाबूनं घड्याळ दाखवलं. तीन मिनिटं, एक ओळ कमी नाही, एक जास्त नाही. वैशाखात तो परत येणार होता. तोवर गाणं पक्कं करून ठेवा, म्हणाला, तर रेकॉर्ड निघेल आणि तिच्यावर नाव छापू.

मी चौथी शिकलेली. वहीत ‘समधीजी’चं, म्हणजे नुसत्या ‘व्याहीबुवा’चं, हिंदी गाणं मीच बसवलं आणि लिहिलं. मीच तिच्याकडून रोज पाठ करून घेतलं. दुपारी उखळाशी बसून ती कांडायची आणि मी वही धरायची. एक शब्द इकडचा तिकडं झाला की मी थांबवायची. “नाई, असं नाई. पुन्हा.” ज्या बाईला कोणी मध्ये थांबवू नये म्हणून सगळी धडपड होती, तिला मी तीन महिने रोज थांबवत होते. तेव्हा मला हे सुचलंही नाही. मला वाटे, मी तिचं भलं करते आहे.

तिचा नवरा मनीराम रेल्वेच्या मालधक्क्यावर हमाल होता. कमी बोलणारा माणूस. एकदा दारात बसून बराच वेळ ऐकत राहिला आणि म्हणाला, “गाऊन राहिली का पाढे म्हनून राहिली?”

“तू चूप बस ना गा,” मंगली म्हणाली. “चुकलं का बाबू नाई म्हनते.”

माझी नणंद प्रेमिला हिचं लग्न त्याच वैशाखात होतं. रेकॉर्डचा दिवस लग्नानंतर आठव्या दिवशी होता. वरात आली, दुपारची पंगत बसली. ऊन असं होतं की मांडवाची जांभळाची पानं वाळून खडखडत होती. नवरदेवाचा काका केवळराम मोठा मानकरी. ढेरी सुटलेला, आणि स्वतःवर गारी ऐकायला आतुर होऊन पहिल्याच पाटावर बसलेला. मी नेहमीसारखी बातमी काढून आणली होती. हा केवळराम तळ्यात पोहायला उतरला की म्हशी काठावर येतात. मंगली ऐकून हसली. “हे झ्याक हाय,” म्हणाली.

तिनं खांबाला पाठ टेकली, तोंड उघडलं आणि ‘समधीजी’ बाहेर पडले.

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. झील उचलायची की नाही तेच कळेना. ती थांबली, खाकरली, पुन्हा सुरुवात केली. पुन्हा तेच. स्वच्छ, सरळ, माझ्या वहीतली हिंदी. एकही नाव नाही. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं. तिच्या कपाळावर घाम आला होता आणि डोळे माझ्याकडे लागले होते, जसं काही मीच ते थांबवायचं होतं. एवढे दिवस थांबवत होते, आणि त्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही.

पंगतीत कुजबुज सुरू झाली. केवळराम उठून उभा राहिला.

“बकारामजी, आमचं नाव घ्याले तुमच्या मानसाचं तोंड दुखते का?”

“नाई जी, तसं नाई—” मामंजी धावले.

“मंग ही आमाले बजारातली बोली कायले आयकवून राहिली? आमी का गिराईक आहो? सोयरे आहो ना? का पोरगी देल्ली अना सोयरीक तोडली?”

तो उठला तसे सगळे उठले. ऐंशी पत्रावळी तशाच. भातावर माशा बसू लागल्या. मामंजींनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. पाऊण तास ते उन्हात केवळरामाच्या मागं मागं फिरत होते. शेवटी माझ्या सासूबाई रुख्माबाई, दात नसलेल्या, स्वतः पुढं आल्या आणि फाटक्या आवाजात केवळरामाच्या ढेरीवर काहीतरी जुनं, ओबडधोबड गाणं म्हणाल्या. चाल नव्हती, पण त्यात नाव होतं. केवळराम बसला. गार भात सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ला.

मंगली गोठ्यामागं उभी होती. मी गेले तर म्हणाली, “नाव तोंडात आलं व्हतं व, वच्छलाबाई. अगदी दातापाशी आलं व्हतं. अना ते गानं त्याच्या आधी निंगून गेलं.”

सासूबाईंनी मला दोन दिवस एकच वाक्य ऐकवलं, “आपल्या दारातून मानसं उपाशी उठली.” ही बातमी दहा गावांत जायला चार दिवस लागले नाहीत. त्या वैशाखातली तिची पुढची पाच लग्नं गेली. कोणी भांडलं नाही, कोणी बोल लावला नाही. नुसता सांगावा येईनासा झाला.

आठव्या दिवशी मुन्नालालच्या माडीत तिनं ते गाणं पहिल्याच फटक्यात दिलं. तीन मिनिटं. एक शब्द इकडचा तिकडं नाही. बाबू खुशीत उठून उभा राहिला. मंगलीनं यंत्राकडे पाहून विचारलं, “झालं?”

“झालं,” मी म्हटलं.

“मले वाटलं, बाबू अजून एकदा म्हन म्हनन.”

दिवाळीआधी रेकॉर्ड आली. मुन्नालालनं दुकानात लावून ऐकवली. काळीभोर तबकडी, मध्ये लाल कागद, त्यावर हिंदीत ‘मंगलीबाई, गोंदिया’. तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझं बोट धरून त्या अक्षरांवर ठेवायला लावलं आणि मग आपलं बोट त्याच जागी ठेवलं. मी खोटं सांगणार नाही, त्या वेळी तिचा चेहरा फुलला होता. मनीरामसुद्धा नवा सदरा घालून आला होता. दोनदा ऐकून झाल्यावर मात्र तिनं मुन्नालालला विचारलं, “भैया, ये मैं किसको बोल रही?”

“सबको, बाई. सबको.”

“सबले,” तिनं आपल्या बोलीत म्हणून पाहिलं.

पुढच्या दोन-तीन वर्षांत काय काय बदललं! आमचा भाग मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला आणि गोंदियाच्या चौकात मराठी की हिंदी यावर माणसं हातघाईवर येऊ लागली. मंगलीला त्यातलं कोणीच आपलं म्हणेना. हिंदीवाले म्हणत, ही मराठीकडची. मराठीवाले म्हणत, हिची रेकॉर्ड हिंदी. ती पुन्हा रोवण्याला येऊ लागली. पण धुऱ्यावर नाही, चिखलात, बाकीच्या बायकांच्या ओळीत, हातात रोपांची जुडी घेऊन. मामंजींनीच तसं सांगितलं होतं. मी नवऱ्याजवळ एकदा विषय काढला. ते म्हणाले, “बाबाच्या मनातून ते लगन गेलं नाई अजून. तू मधात पडू नोको.” मी मध्ये पडले नाही. तेव्हाची मी अशीच होते.

आणि गावागावांत भोंगे आले. गोंदियाचा उदाराम बॅटरी, बाजा आणि पितळेचा भोंगा घेऊन लग्नालग्नांत जाऊ लागला. गारी म्हणायला बायका जमवा, त्यांना बातम्या पुरवा, कोणाचं नाव राहिलं तर रुसवे काढा, यापेक्षा उदारामाला बोलावणं लोकांना सोपं वाटू लागलं.

१९६० चा उन्हाळा. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. आमच्या घरी माझ्या धाकट्या दिराचं लग्न होऊन गेल्यावर सोयऱ्यांना मोठं जेवण होतं. प्रेमिलाच्या सासरचे सगळे आले होते, केवळरामही. भोंगा लिंबाच्या फांदीला बांधलेला. पंगत बसली, पत्रावळींवर भात वाढला, आणि जुन्या सवयीनं माझे हात थबकले. लोक थांबले आहेत असं वाटलं. तेवढ्यात उदारामानं चाबी दिली.

‘समधीजी’ सुरू झाले.

कोणी वर पाहिलं नाही. केवळरामानं भात कालवला, मोठा घास तोंडात टाकला आणि घासाभोवतीच ओरडला, “जरा मोठ्यानं लाव ना गा, उदाराम!” तो जेवत राहिला. सगळे जेवत राहिले. त्यांची नावं कोणी घेत नव्हतं, आणि आता त्यांना ती नको होती. मला तेव्हा इतका राग आला की वरणाची बादली केवळरामाच्या पाटासमोर आपटावीशी वाटली. चार वर्षांमागं याच माणसानं याच गाण्यासाठी मामंजींना उन्हात फिरवलं होतं. पण मी घरची सून. मी त्याच्या पानात वरण वाढलं आणि पुढं गेले.

मंगलीची पंगत निराळी होती. आमच्या घरातली ती रीत कोणी मोडली नव्हती आणि मीही मोडली नाही. मांडवाच्या कडेला, लिंबाखाली, मजूर बायांच्या ओळीत ती बसली होती. भोंगा बरोबर तिच्या डोक्यावर होता. मी वाढत वाढत तिथवर पोचले तेव्हा केवळरामाची बायको जेवून हात धुवायला त्या बाजूच्या घंगाळ्यापाशी आली होती. हात धुता धुता ती थोडी थांबली आणि वर मान करून ऐकू लागली.

“कोन व ही बाई?” तिनं मला विचारलं. “आवाज गोड हाय. इकडचीच वाटते.”

मी सांगायला तोंड उघडलं. पण खालून मंगलीनं माझ्या लुगड्याचा काठ ओढला.

“असन कंपनीची कोनती तरी,” ती म्हणाली.

केवळरामाची बायको “हव, तसंच असन” म्हणून पदराला हात पुसत निघून गेली. मंगलीनं काठ सोडला. मी वाकून तिला भात वाढू लागले तर तिनं पत्रावळीवर हात आडवा धरला. वर गाणं संपलं, सुई थोडी खरखरली, आणि उदारामानं ती उचलून पुन्हा सुरुवातीला ठेवली.